साखर कारखान्याच्या ऊस विभागाची माहिती प्रणाली: व्यवस्था विश्लेषकाने काम कसे करावे

नवी संगणक प्रणाली फसली की खापर प्रोग्रॅमरच्या डोक्यावर फुटते. प्रत्यक्षात प्रोग्रॅम बहुतेक वेळा सांगितल्याबरहुकूम चालत असतो आणि गफलत सांगण्यातच झालेली असते. ते सांगणे नीट व्हावे, म्हणजे संस्थेचे काम कसे चालते हे समजून घेऊन ते तपासता येईल अशा शब्दांत मांडावे, ही जबाबदारी बिझनेस सिस्टिम्स अ‍ॅनालिस्टची, म्हणजेच व्यवस्था विश्लेषकाची असते. हे काम पायरीपायरीने कसे करावे हे दाखवण्यासाठी येथे पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या सहकारी साखर कारखान्याचा ऊस विभाग डोळ्यांसमोर ठेवला आहे. हजारो ऊस उत्पादक, चार-पाच महिन्यांचा धावपळीचा हंगाम, पैसे देण्याची कायद्याने बांधलेली मुदत आणि कागदावर कधीच न आलेले असंख्य नियम, हे सारे तेथे एकत्र भेटत असल्यामुळे विश्लेषकाच्या कामाचा कस लागतो.

पहिली पायरी: अडचण कोणती आणि हद्द कोठपर्यंत

पहिल्या बैठकीत व्यवस्थापनाकडून हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘आपल्याला सगळे ऑनलाइन करायचे आहे’. ही इच्छा झाली, अडचण नव्हे. आज नेमके काय बिघडते, त्याचा त्रास कोणाला होतो आणि तो होतो हे कशावरून कळते, हे तीन प्रश्न विचारल्यावर निरनिराळी उत्तरे येऊ लागतात. कोणी म्हणते, उसाची बिले उशिरा निघतात. कोणी म्हणते, तोडणीची क्रमपाळी पाळली जात नाही म्हणून गावोगावी ओरड होते. हिशेब विभागाचे म्हणणे असते की काट्यावरची पावती आणि बिलातले वजन जुळत नाही. या तीन तक्रारींना एकच उपाय नाही. दुखणे क्रमपाळीचे असेल, तर शेतकऱ्याच्या मोबाइलवर वजनाचा संदेश पाठवून काहीही साधणार नाही. तेथे लागवडीची तारीख, उसाची जात आणि नोंदीचा खरेपणा यांवर काम करावे लागेल.

अडचण ठरली की एका पानाचे हद्दीचे टिपण लिहावे. प्रणाली ऊस नोंदीपासून सुरू होईल आणि बँकेकडे रकमांची यादी गेली की संपेल. साखर विक्री, गोदाम आणि कामगारांचे पगार तिच्याबाहेर राहतील, असे त्यात स्पष्ट असावे. काय येणार नाही हे लिहिणे अधिक महत्त्वाचे, कारण पुढचे वाद तिथेच होतात. तोडणी-वाहतूक ठेकेदारांची बिले हद्दीत घ्यायची की नाहीत, हा प्रश्न टाळू नये. ती बाहेर ठेवायची ठरली तरी वाहनाचा करार क्रमांक आणि अंतर वजन पावतीवर आधीपासून घ्यावे लागते, नाहीतर वर्षभराने तोच काटा पुन्हा उघडावा लागतो. या टिपणावर कार्यकारी संचालकांची सही घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी पायरी: माणसे, कागद आणि काटा

परवानगीसाठी वरून सुरुवात करावी, पण वेळ खाली द्यावा. मुख्य शेती अधिकारी धोरण सांगतात; ते धोरण शिवारात कसे वाकते हे गटातला चिटबॉय, म्हणजे गावोगावी ऊस नोंदी आणि तोडणीच्या चिठ्ठ्या सांभाळणारा कर्मचारी, सांगतो. काट्यावरचा लेखनिक, गव्हाणीवरचा, म्हणजे ऊस गाळपासाठी उतरवतात त्या जागेवरचा मुकादम, केन यार्डात उसाच्या वाहनांचे नंबर लावणारा कर्मचारी, ऊस बिलाचा लेखनिक, विकास सेवा सोसायटीचा सचिव आणि वाहनमालक ही यादीतली पुढची नावे. जे कधीच बैठकीला येत नाहीत त्यांची वेगळी नोंद ठेवावी. बिगर सभासद ऊस उत्पादक आणि तोडणी टोळीचा मुकादम यांच्या वतीने सगळे बोलतात, त्यांना मात्र कोणी विचारत नाही.

मुलाखतीत ‘तुम्ही काय काम करता’ असे विचारले की नियमपुस्तिकेतले उत्तर मिळते. त्याऐवजी ‘काल आलेली शेवटची तक्रार दाखवा आणि तिचे काय केलेत ते सांगा’ असे म्हणावे. कोऱ्या नमुन्यांपेक्षा भरलेले कागद मागावेत. भरलेल्या नोंद वहीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले ‘वाटणी झाली’, ‘पाणी तुटले’, ‘खोडवा राखणार नाही’ असे शेरे सापडतात, आणि तोडीचा खरा निर्णय पुष्कळदा याच शेऱ्यांवर होत असतो. छापील रकान्यांवरून बनवलेल्या पडद्यावर अशा शेऱ्यांना जागा नसेल, तर ते पुन्हा वहीतच राहतील आणि प्रणाली शोभेची होईल.

कारखान्याचे बहुतेक सॉफ्टवेअर प्रकल्प मे-जूनमध्ये, म्हणजे काटा थंड असताना, सुरू होतात. तेव्हा सांगितले जाते ते आठवणीतून. शक्य असेल तर आदल्या हंगामातच काही पाळ्या काट्याजवळ बसून काढाव्यात, त्यातही रात्रपाळी सोडू नये. वाहन येते, चालक तोडणीची चिठ्ठी देतो, भरलेले वजन होते, गव्हाणीत ऊस उतरतो, रिकामे वजन होते आणि पावती निघते, एवढे साधे चित्र कोणीही सांगेल. विश्लेषकाने पाहायचे ते हे चित्र मोडते तेव्हा काय होते ते. एका ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत दोन शेतकऱ्यांचा ऊस असेल तर वजन कसे वाटले जाते? चिठ्ठी हरवली तर कोणाच्या शब्दावर वाहन आत येते? वीज किंवा नेटवर्क गेले तर हाताने लिहिलेली पावती नंतर कोण चढवतो, आणि तिच्यावर वेळ कोणती पडते? भरलेले वजन रात्री ११.५० ला आणि रिकामे १२.४० ला झाले, तर त्या उसाची तारीख कोणती? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पैसे देण्याच्या मुदतीची मोजणी याच तारखेपासून सुरू होते.

तिसरी पायरी: चालू कामाचा आराखडा

पाहिलेले आणि ऐकलेले आता चित्रात उतरवावे. कामाच्या प्रवाहासाठी बीपीएमएन ही जगभर वापरली जाणारी चिन्हपद्धती आहे, पण तिची सगळी चिन्हे वापरण्याचा सोस धरू नये. प्रत्येक विभागाला एक आडवी पट्टी, कामाला चौकोन, निर्णयाला शंकरपाळ्याचा आकार आणि बाण एवढ्यात भागते, आणि तेवढेच चिटबॉयला वाचता येते. चित्र भिंतीवर लावून संबंधितांना खोडाखोड करू द्यावी. एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जाणाऱ्या बाणांवर विशेष लक्ष द्यावे, कारण कागद रेंगाळतात, दोनदा लिहिले जातात आणि हरवतात ते तिथेच.

चौथी पायरी: नियम आणि त्यांचे अपवाद

माझ्या मते विश्लेषकाचे निम्मे मोल या पायरीत आहे, आणि घाईत सर्वांत आधी कापली जाते तीही हीच.

ऊसदराचे उदाहरण घेऊ. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी) एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवली असून, त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढतात. उतारा कमी असल्यास त्याच प्रमाणात दर घटतो, पण ९.५ टक्के आणि त्याखालच्या उताऱ्याला ३२९.०५ रुपयांहून कमी दर देता येत नाही. म्हणजे ११.५ टक्के उताऱ्याच्या कारखान्याचा दर ३९८.२५ रुपये क्विंटल, अर्थात टनाला ३,९८२.५० रुपये होतो. एफआरपी हा कारखान्याच्या दारातला भाव असल्यामुळे तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून वजा होतो आणि मग शेतकऱ्याच्या हाती पडणारा दर निघतो. हे सूत्र प्रोग्रॅमरला दहा मिनिटांत सांगता येते. मात्र उतारा कोणत्या हंगामाचा धरायचा, हे विचारायचे राहून गेले तर सूत्र बरोबर आणि बिल चूक, अशी स्थिती होते. शिवाय महाराष्ट्रात एफआरपी देण्याचे नियम खरोखरच बदलले आहेत: एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा देणारा २०२२ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. म्हणून दर, उतारा, हप्ते, कपाती यांपैकी काहीही प्रोग्रॅममध्ये पक्के कोरू नये. प्रत्येक नियमाला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ अशा दोन तारखा असाव्यात आणि जुने बिल पुन्हा काढले तर त्या वेळचाच नियम लागू व्हावा, अशी आवश्यकता लेखी नोंदवावी.

दुसरे उदाहरण मुदतीचे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज लागते. कारखान्यांची रीत मात्र पंधरवड्याच्या बिलाची आहे. १ डिसेंबरला आलेल्या उसाची मुदत १५ तारखेला भरते. पहिल्या पंधरवड्याचे बिल २० डिसेंबरला जमा झाले, तर त्या खेपेला ५ दिवस उशीर झाला, तर १० तारखेच्या खेपेला मुळीच झाला नाही. २० टनांचे, हाती पडणारा दर टनाला ३,००० रुपये धरून, ६०,००० रुपये होतात आणि त्यावर ५ दिवसांचे व्याज सुमारे १२३ रुपये. रक्कम लहान दिसते, पण ती शेकडो पावत्यांवर पसरते. यातून निघणारी आवश्यकता अशी की देय तारीख पंधरवड्याला न जोडता प्रत्येक वजन पावतीला जोडावी. दिवस मोजताना पोचल्याचा दिवस धरायचा की नाही, हे विश्लेषकाने स्वतः ठरवू नये. कायदा सल्लागारांकडून लेखी घ्यावे आणि ते उत्तर नियमाशेजारीच ठेवावे.

तिसरा भाग अधिक नाजूक आहे. क्रमपाळी कागदावर सरळ असते: आडसाली, पूर्वहंगामी, सुरू (लागवडीचे हंगाम) आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा वाढलेला ऊस) यांच्या लागवडीच्या तारखा, जात आणि पक्वता यांवरून नंबर लागतो. पण शॉर्टसर्किटने फड पेटला तर जळीत ऊस आधी तोडावा लागतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठी पूरबुडीत ऊस वाट पाहत नाही. टोळी एका शिवारात उतरली की शेजारचा लहान तुकडा नंबर नसतानाही उरकणे सोयीचे असते. आणि वरून फोन येतो, हेही खरे. पुष्कळ विश्लेषक या शेवटच्या गोष्टीची आवश्यकतांच्या यादीत नोंदच घेत नाहीत आणि प्रणालीत क्रमपाळी मोडताच येणार नाही अशी व्यवस्था करतात. त्याचा परिणाम ठरलेला असतो: लागवडीची तारीखच मागे ओढली जाते आणि मूळ नोंद खोटी होते. क्रम मोडण्याची सोय द्यावी, पण ती ठरावीक अधिकाऱ्यालाच असावी, त्याला बदलाचे कारण ठरावीक यादीतून निवडावे लागावे आणि कोणी, केव्हा, कोणत्या कारणाने क्रम बदलला हे अहवालात दिसावे.

असे नियम परिच्छेदांत लिहिले की वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. त्यासाठी निर्णय तक्ता करावा. एका बाजूला अटी लिहाव्यात: ऊस जळीत आहे का, तोडणी यंत्राने झाली का, उत्पादक सभासद आहे का, सोसायटीचे कर्ज आहे का. दुसऱ्या बाजूला परिणाम: कोणती वजावट, कोणती कपात, पैसे कोणाच्या खात्यावर. तक्त्यातला प्रत्येक रिकामा चौकोन हा पुढच्या भेटीतला प्रश्न असतो. ‘जळीत ऊस, यंत्राने तोडलेला’ या ओळीत दोन्ही वजावटी लागतात की एकच, याचे उत्तर दोन लेखनिकांनी वेगवेगळे दिले, तर हा तक्ता सार्थकी लागला असे समजावे.

पाचवी पायरी: विदा (डेटा) आणि तिचे अर्थ

नोंद वहीत क्षेत्राच्या रकान्यात ‘१.२०’ असे लिहिलेले असते. सातबाऱ्यावरून उतरवले असेल तर ते १ हेक्टर २० आर, म्हणजे सुमारे ११९ गुंठे. शेतकऱ्याने तोंडी सांगितले असेल तर १ एकर २० गुंठे, म्हणजे ६० गुंठे. आणि संगणकाने दशांश समजून वाचले तर १.२ एकर, म्हणजे ४८ गुंठे. एकरी ४० टनांचा अंदाज धरला तर याच एका आकड्यातून ११९, ६० किंवा ४८ टन ऊस निघतो, आणि त्यावर टोळ्या व वाहनांचे नियोजन होते. म्हणून विदाकोशात, म्हणजे रकान्यांचे अर्थ सांगणाऱ्या यादीत, प्रत्येक रकान्याचे एकक, लिहिण्याची पद्धत, स्वीकार्य मर्यादा आणि माहितीचा मूळ स्रोत नोंदवावा. क्षेत्रासाठी एकर आणि गुंठे असे दोन वेगळे चौकोन देऊन शेजारी हेक्टर-आर आपोआप दाखवणे हा त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग आहे.

शेतकरी म्हणजे कोण, हाही सोपा प्रश्न नाही. सातबारा वडिलांच्या नावावर, सभासदत्व आईच्या, ऊस नोंद मुलाची आणि बँक खाते सुनेचे, असे एकाच घरात आढळते. व्यक्ती, जमीन, नोंद आणि खाते या चार स्वतंत्र गोष्टी मानून त्यांच्यातले संबंध आराखड्यात दाखवावेत. खातेदार मयत झाल्यावर वारसनोंद होईपर्यंत बिल कोठे थांबते, तेही लिहावे. आधार आणि बँक खाते क्रमांक कोणाला दिसावेत हे याच टप्प्यावर ठरवावे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ लक्षात घेता ‘सगळ्यांना सगळे दिसते’ ही जुनी सवय चालणार नाही.

जुन्या प्रणालीतली नावे युनिकोडपूर्व फाँटमध्ये साठवलेली असतील, तर स्थलांतर हे स्वतंत्र काम समजावे. रूपांतर करणारी साधने साधी नावे बरोबर उतरवतात आणि जोडाक्षरे किंवा रफार आला की अडखळतात. कुऱ्हाडे, शिर्के, क्षीरसागर, दुर्गाप्पा अशी मुद्दाम निवडलेली नावे आधी तपासावीत. नावावरून दोन नोंदी एकच आहेत असे ठरवू नये. एका गावात एकाच नावाचे तीन पाटील असतातच.

सहावी पायरी: आवश्यकता लिहिणे

‘प्रणाली वापरायला सोपी आणि वेगवान असावी’ या वाक्याची चाचणी घेता येत नाही, म्हणून ते आवश्यकतांत बसत नाही. आवश्यकतेला क्रमांक असावा, ती कोणाकडून आली आणि कोणत्या नियमावर उभी आहे हे लिहिलेले असावे, आणि ती पूर्ण झाली हे कसे ओळखायचे हे उदाहरणाने सांगितलेले असावे. असे:

समजा, एका वाहनाच्या पुढच्या ट्रॉलीत एका उत्पादकाचा आणि मागच्या ट्रॉलीत दुसऱ्याचा ऊस आहे आणि दोन चिठ्ठ्या आहेत. काटा लेखनिक जेव्हा दोन्ही चिठ्ठ्या एका खेपेला जोडतो, तेव्हा प्रत्येक ट्रॉलीचे भरलेले व रिकामे वजन वेगळे घेतल्याशिवाय पावती निघू नये, आणि दोन पावत्यांवर एकच खेप क्रमांक असावा.

अशी उदाहरणे लेखनिकालाही समजतात आणि प्रोग्रॅमरलाही, आणि पुढे तीच चाचणीला वापरता येतात. काट्यासाठी आणखी एक गोष्ट पक्की लिहावी: नेटवर्क नसतानाही वजन आणि पावती चालू राहिली पाहिजे, आणि मागाहून चढवलेल्या नोंदीवर वजनाची वेळ व नोंदीची वेळ अशा दोन्ही वेळा दिसल्या पाहिजेत. वजन काट्याच्या यंत्रातून थेट यावे. ते हाताने टाकण्याची मुभा दिलीच तर तिचा वेगळा अहवाल रोज वरिष्ठांकडे जावा.

प्राधान्य ठरवताना हंगामाचे वेळापत्रक वापरावे. नोंदीचा भाग पावसाळ्यात लागतो. चिठ्ठी आणि काटा मोळी टाकण्याच्या, म्हणजे गाळप सुरू होण्याच्या, दिवशी चालू असलाच पाहिजे. पहिले बिल त्यानंतर काही दिवसांनी निघते, त्यामुळे बिलाच्या भागाला थोडी जास्त मुदत मिळते. संचालकांना आवडणारे रंगीत आलेख शेवटी ठेवावेत, भले ते सर्वांत आधी मागितले जावोत.

पडद्यांचे नमुने कागदावर काढून काटा लेखनिकासमोर ठेवावेत आणि त्याला बोटाने ‘काम’ करून दाखवायला सांगावे. तयार सॉफ्टवेअर विकत घ्यायचे असेल तरी आतापर्यंतचे काम वाया जात नाही. निर्णय तक्ता आणि उदाहरणे विक्रेत्यासमोर ठेवून प्रात्यक्षिक मागितले, की चकचकीत सादरीकरणापेक्षा पुष्कळ काही कळते.

सातवी पायरी: पडताळणी आणि सुरुवात

नवी-जुनी प्रणाली काही दिवस शेजारी शेजारी चालवावी, हा सल्ला कार्यालयात ठीक आहे. काट्यावर वाहनांची रांग असताना आणि गव्हाण रिकामी ठेवता येत नसताना प्रत्येक वजन दोनदा नोंदवणे जमत नाही. त्याऐवजी मागच्या हंगामातला एक पूर्ण पंधरवडा नव्या प्रणालीतून पुन्हा चालवावा आणि प्रत्येक बिल रुपया-पैशापर्यंत ताडून पाहावे. फरक निघतीलच. त्यांची तीन ढिगांत विभागणी करावी: जुन्या प्रणालीची चूक, नव्या प्रणालीची चूक आणि कोणीच न सांगितलेला नियम. तिसऱ्या ढिगाकडे सर्वांत जास्त वेळ द्यावा. अनेकदा रकमेतले सुटे पैसे पूर्ण रुपयांत कोणत्या टप्प्यावर बसवले जातात, एवढ्यानेच शेकडो बिलांत फरक पडलेला दिसतो. पण एखाद्या गटातल्या बिलांतच फरक असेल, तर तिथल्या लेखनिकाने वर्षानुवर्षे पाळलेली एखादी रीत हाती लागते.

मान्यता देणारे सही करण्यापूर्वी चाचणी स्वतः करतील असे पाहावे. प्रशिक्षण सभागृहात भाषण देऊन होत नाही; चिटबॉयला त्याच्याच गटाची, त्याच्या ओळखीच्या नावांची विदा देऊन सराव करू द्यावा. आणि बॉयलर अग्निप्रदीपनाच्या, म्हणजे हंगामाआधी बॉयलर पेटवण्याच्या, सुमारास, काहीही झाले तरी, नव्या सुविधा घेणे थांबवावे.

गाळप सुरू झाल्यावर पहिले दोन आठवडे विश्लेषकाने काट्यावर आणि बिल विभागात हजर राहून येणाऱ्या अडचणींची वही ठेवावी. प्रत्येक अडचण दोष आहे, नवी मागणी आहे की प्रशिक्षणातली उणीव, हे त्याच दिवशी ठरवावे. नवी मागणी असेल तर हद्दीच्या टिपणाकडे बोट दाखवून ती कोणी मंजूर करायची ते आधीच ठरलेले असावे. हंगाम आटोपल्यावर अंतिम बिले, कपाती आणि बँकेत जमा रकमा यांचा ताळा जुळवावा, क्रम मोडल्याचा आणि हाताने टाकलेल्या वजनांचा अहवाल शेती अधिकाऱ्यांसोबत वाचावा, आणि पुढच्या हंगामाचे दर जाहीर होताच ते नियमांच्या यादीत कोण चढवणार आणि कोण तपासणार, ही दोन नावे कार्यकारी संचालकांकडून लेखी घ्यावीत.